बकनर साहेबांनी बांधलेल्या साखळ्या

मी एक जुनी पिवळी शाळेची बस आहे, आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग पिकल्या पपईसारखा होता. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत आले ती थेट युफेमियाच्या हाती. ती माझी चालक. आल्तो व्हिएहो या डोंगरातल्या गावची पोरं आम्ही खाली वाळवंटातल्या शाळेत सोडायचो. पोरं तिला मावशी म्हणत आणि वर्षं सरली तशी मला म्हातारी.

वर आमच्याकडे कमरेएवढं बर्फ असे, तेव्हा खाली निवडुंगावर थेंबही नसे. पण बर्फाची सुट्टी द्यायची की नाही, हे ठरे खालीच. ठरवत शिक्षणाधिकारी बकनर साहेब.

"साहेब, घाट गोठलाय. आज पोरांना घरीच राहू द्या," युफेमिया फोनवर सांगे.

"माझ्या अंगणात तर कोरडी धूळ आहे," साहेब हसत. "कॉफी घे आणि निघ."

एका सकाळी कड्याच्या वळणावर मी घसरले. खूप धडपडले, पण चाकांना जमीनच सापडेना. मी चरात कलंडले. लहानग्या मारिसेलाचं खांद्याचं हाड मोडलं. तिची किंकाळी माझ्या पत्र्यात अजून आहे.

साहेबांनी गावच्या भर सभेत दोष युफेमियावर ढकलला. "बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून साखळ्या असतात. त्या या बाईला बांधता येत नाहीत."

युफेमिया उठली. "मग पुढच्या बर्फात तुम्ही या. साखळ्या तुम्ही बांधा, गाडी मी चालवते."

गावाने टाळ्या पिटल्या. साहेबांना नाही म्हणता येईना.

बर्फ पडलं. पहाट होती, पोरं अजून घरीच होती. साहेबांना घेऊन मी रिकामी निघाले. घाटाच्या तोंडाशी युफेमियाने ब्रेक मारला. "उतरा साहेब."

चकचकीत बूट घातलेले साहेब बर्फात आडवे झाले आणि माझ्या चाकापाशी शिरले. मित्रांनो, या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! माझ्या पोटाला चिकटलेला काळा, गार चिखल मी थेंब थेंब त्यांच्या कॉलरीत सोडला. त्यांची बोटं बधिर झाली. साखळी बसेना.

"ओढा की जोर लावून!" युफेमिया वरून म्हणाली. "धुळीत बसून हुकूम सोडण्याइतकं सोपं नाही ते."

शेवटी साखळ्या कशाबशा अडकल्या आणि आम्ही निघालो. पुढे कड्याच्या वळणावर मी मागचं चाक किंचित सरकवलं. खरं सांगते, मुद्दाम. साहेबांनी सीटचा दांडा कवटाळला. "थांबव बाई! घरी माझी मुलं आहेत!"

"मारिसेलाही कुणाची तरी मुलगीच आहे," युफेमिया म्हणाली, आणि मग तिने गाडी थांबवली.

साहेबांनी तिथूनच फोन लावला. दात वाजत होते. "शाळेला सुट्टी. हो, बर्फाची."

तेव्हापासून सुट्टी युफेमियाला विचारून ठरते. पण साहेबांनीही डूख धरला. उन्हाळा येताच मला भंगारात काढलं. त्या दिवशी युफेमिया आली, माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "जिंकलो ना गं आपण?" शेजारी मारिसेला उभी होती. तिचा एक खांदा अजून झुकलेलाच होता.

आता मी वाळवंटात गंजते आहे. सीटांखाली साप राहतात. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. बर्फाची सुट्टी मिळाली की मनसोक्त घसरा, गोळे फेका. पण ती कुणा साहेबाच्या दयेने मिळाली, असं समजू नका. एका मुलीचं हाड मोडलं, तेव्हा ती मिळाली.

आणि मला क्षमा शिकवायला कुणी येऊ नका.