बाराव्या पानावरची आठवी वाटी

मी एक जुने पुस्तक आहे. लहान मुलांचे, चित्रांचे, अवघ्या चोवीस पानांचे. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या एका वाचनालयात सगळ्यांत खालच्या फळीवर माझी जागा आहे. मला पाहायचे असेल तर फरशीवर बसावे लागते. बहुतेक लोक बसत नाहीत.

मित्रांनो, वर्षातला एक आठवडा सोडला तर मला सहसा कुणी हात लावत नाही. तो आठवडा चिनी नववर्षाचा. तेव्हा दाराजवळच्या टेबलावर लाल कागद अंथरतात, वर कागदी कंदील टांगतात आणि माझ्यासारख्या चार-पाच जणांना झटकून, पुसून तिथे उभे करतात. 'आपला चिनी वारसा' अशी पाटीसुद्धा लावतात. आठवडा संपला की कंदील खोक्यात आणि आम्ही आपापल्या फळीवर. माझ्या शेवटच्या पानावरचे शिक्के पाहा, सगळे जानेवारी-फेब्रुवारीचे. उरलेले वर्षभर हा वारसा काय करतो, असे कुणी मला विचारले असते तर मी सांगितले असते. तो धूळ खातो.

मला लिहिले नॉर्मा लाउ यांनी, आणि चित्रेही त्यांनीच काढली. त्या इथल्याच शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा जन्मही याच गावातला, वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांमधला. दुसऱ्या महायुद्धात इथे बाँब पडले, तेव्हा ते दुकानही गेले आणि ती गल्लीही. आपल्या लहानपणी वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरी सगळे एकत्र कसे जेवायचे, ते मुलांना कळावे म्हणून त्यांनी मला लिहिले. माझ्यात पानापानांवर घर झाडणे आहे, नवे सदरे शिवणे आहे, आले घालून वाफवलेला अख्खा मासा आहे. आणि बाराव्या पानावर आहे जेवणाचे गोल टेबल. त्याभोवती सात माणसे बसली आहेत: आजोबा, काका, काकू, आई, वडील, छोटी नॉर्मा आणि तिचा तान्हा भाऊ. खाली एकच ओळ आहे, 'आज आम्ही सगळे घरी.'

पण टेबलावर वाट्या आठ आहेत. आठव्या वाटीपुढची खुर्ची रिकामी आहे, आणि त्या वाटीतल्या भातात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या आहेत.

आमच्या लोकांत भातात काड्या उभ्या खोचतात त्या फक्त मेलेल्या माणसासाठी. जेवताना एखाद्या मुलाने चुकून तसे केले तर त्याच्या पाठीत धपाटा बसतो. आणि इथे तर नव्या वर्षाच्या आनंदाच्या पुस्तकात, भरल्या टेबलावर! माझी आजवरची सगळी कहाणी त्या वाटीची आहे.

छापखान्यातून आल्यावर नॉर्माबाईंनी खोक्यातून सर्वांत आधी मला उचलले आणि आपल्या म्हाताऱ्या आईच्या मांडीवर ठेवले. मग "चहाला आधण ठेवते" म्हणून त्या घाईघाईने आत निघून गेल्या. त्यांना आईच्या चेहऱ्याकडे पाहायची भीती वाटत होती. आईला इंग्रजी वाचता येत नव्हते. ती चित्रे पाहत गेली. बाराव्या पानावर थांबली. बोटाने तिने वाट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग आठव्या वाटीवर तिने आपला अख्खा तळवा ठेवला आणि अगदी हळू, आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "बस गं बाळा. गरम आहे तोवर खा."

किटली शिट्टी वाजवू लागली, तशी तिने मला मिटले. नॉर्माबाई बाहेर आल्या तेव्हा ती एवढेच म्हणाली, "छान रंगवलंयस."

गावातल्या चिनी देवळाच्या सभागृहात माझे प्रकाशन झाले. भजी-बिजी काही नाही, पण डुकराचे मांस भरलेल्या वाफाळत्या पावांनी ताटे भरली होती आणि लोक हसतखिदळत मला चाळत होते. मग एकेक जण बाराव्या पानावर पोहोचू लागला. 

"अगं नॉर्मा," चिन आडनावाच्या एक काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जगाच्या पोरांना शहाणपण शिकवतेस आणि भातात काड्या कशा ठेवायच्या ते तुला ठाऊक नाही? तेही वर्षाच्या शेवटच्या जेवणाला?"

"घाईत चुकलं असेल हो," दुसरी कुणी तरी म्हणाली, आणि ते जास्तच लागले.

नॉर्माबाई लाल झाल्या आणि ताटातले पाव नीट लावू लागल्या. माझ्या तीनशे भावंडांपैकी त्या दिवशी नऊ गेली. बाकीची त्यांच्या ओसरीवरच्या खोक्यात पडून राहिली आणि पुढे वाळवीने खाल्ली.

तीन महिन्यांनी आई गेली. झोपेतच हृदय थांबले. अंत्यसंस्कार आटोपून घरी आल्यावर धाकट्या भावाने, सेल्विनने, मला कपाटावरून उचलले. त्याचे मासळीचे दुकान होते, हात चांगले भक्कम होते.

"तू हे काढलंस, गाजे," तो ओरडला. गाजे म्हणजे थोरली ताई. "लोक सांगत होते तुला. जिवंत आईसमोर मेलेल्याचं पान मांडलंस, आणि गेली ती. आता खुर्ची भरली ना? यापुढे तुझ्या टेबलावर मी जेवणार नाही."

त्याने मला भिंतीवर भिरकावले. माझी पाठ मोडली ती तेव्हा.  नॉर्माबाईंनी मला उचलले, चिकटपट्टी लावली आणि चार दिवसांनी वाचनालयात देऊन टाकले. मला घरात ठेवणे त्यांच्याने होईना, टाकून देणेही होईना.

मित्रांनो, तेव्हापासून मी एका गोष्टीने आतल्या आत कुढत आलो आहे. आपल्या चित्रानेच आई खचली, अशी भीती नॉर्माबाईंच्याही मनात घर करून होती. त्या अधूनमधून यायच्या, फरशीवर बसायच्या, बारावे पान उघडून "चुकलंच का गं आई माझं?" असे पुटपुटायच्या. आई काय म्हणाली होती ते मी ऐकले होते. जगात मी एकट्यानेच ऐकले होते. पण पुस्तकाला जेवढे छापले आहे तेवढेच बोलता येते. माझ्या बाराव्या पानाखाली एकच ओळ होती आणि त्या ओळीचा त्यांना काही उपयोग नव्हता.

नववर्षाच्या आठवड्यात मुले मला हौसेने उचलायची. आमच्याच लोकांची मुलेही. मग बरोबरच्या आजीची नजर त्या वाटीवर पडायची आणि "ठेव ते, दुसरं घे" म्हणून माझी रवानगी परत टेबलावर. ज्यांच्यासाठी मी जन्मलो, तेच मला घरी न्यायला धजत नव्हते. परक्यांनी नेले तर त्यांना त्या वाटीत काही वावगे दिसायचे नाही आणि त्यांच्या घरीही मी एकटाच असायचो.

सर्वांत वाईट गोष्ट सांगू? सेल्विन रोज सकाळी वाचनालयात यायचा. दुकान विकल्यावर त्याला दुसरे काम उरले नव्हते आणि इथल्या उकाड्यात फुकटची थंड हवा वाचनालयातच मिळते. माझ्यापासून दहा पावलांवर बसून तो वर्तमानपत्र वाचायचा. नॉर्माबाई दिसल्या की पान वर करून तोंड झाकायचा. गावात दोघांना एकमेकांशिवाय कुणी उरले नव्हते, तरी वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तो आपल्या घरी एकटा जेवायचा आणि त्या आपल्या घरी. अशी बत्तीस वर्षे गेली.

मग वाचनालयात कर्स्टी नावाच्या नव्या बाई आल्या. त्यांना ही भानगड ठाऊक नव्हती. त्यांनी आपली आनंदाने पाटी लावली: नववर्षाच्या आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता लेखिका नॉर्मा लाउ मुलांना आपले पुस्तक वाचून दाखवतील. नॉर्माबाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्या आल्या याचेच मला नवल वाटले. वर्तमानपत्रामागे सेल्विन होता. तो उठून गेला नाही, पण त्याने पानही उलटले नाही.

पंधरा-वीस मुले फरशीवर बसली होती. नॉर्माबाई मला वाचू लागल्या. अकरावे पान झाले. बाराव्यावर त्या नुसती ओळ वाचून पुढे जाणार, तेवढ्यात पुढे बसलेली सहा वर्षांची हुइमिन उठून उभी राहिली. तिच्या घरचे वर्षभरापूर्वीच चीनमधल्या ग्वांगडोंगहून आले होते.

"थांबा, थांबा!" तिने आठव्या वाटीवर बोट ठेवले. "माझ्या पोपोला दिसलं ना, तर ती हातावर फटकन मारेल." पोपो म्हणजे तिची आजी. "काड्या अशा मेलेल्यांसाठी ठेवतात. मग यात कोण मेलंय?"

मित्रांनो, बत्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक हसले होते, रागावले होते, त्यांनी मला मिटले होते, भिंतीवर फेकले होते. कोण गेले, असे कुणी विचारले नव्हते.

नॉर्माबाईंनी मला मांडीवर ठेवले. "माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "यूकफा तिचं नाव. तुझ्याएवढीच होती."

वर्तमानपत्र खाली आले.

"आम्ही सगळे गावी, चीनला गेलो होतो," बाई मुलांकडेच पाहत बोलत होत्या. "परत निघायच्या दिवशी तिला ताप चढला. जहाजावर घेईनात. बाबा म्हणाले, आजीपाशी राहू दे, पुढच्या जहाजाने आणू. मग तिकडे लढाई लागली, जहाजंच थांबली. ती गेल्याचं पत्र दोन वर्षांनी आलं. बाबांनी त्या दिवसापासून तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही."

"नॉर्मा." सेल्विन उभा होता. गाजे म्हणायचे तो विसरला होता. "मला हे कुणी…"

"तू त्यानंतर जन्मलास."

"आई गेली तेव्हा तरी सांगायचंस!"

"तेव्हा तू विचारलंस कुठे? ओरडलास." बाईंनी माझ्या पाठीवरची चिकटपट्टी चाचपली. "आणि काय सांगू? चारचौघांत आईची चूक सांगू? आई दरवर्षी मागच्या दाराशी, तुमच्यापासून चोरून तिच्या नावाने भात ठेवायची. तुला ठाऊक आहे, मोठ्यांनी लहानांसाठी पान मांडायचं नसतं. आईने मुलीसाठी तर नाहीच. तिला टेबलावर मांडता आलं नाही, म्हणून मी चित्रात मांडलं."

हुइमिनने विचारले, "मग आता तिला भात कोण देतं?"

"कुणी नाही. मी तिची मोठी बहीण. मलाही चालत नाही." नॉर्माबाईंनी मान वर केली आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिले. "तुला चालतं, सेल्विन. तू तिच्याहून लहान. अख्ख्या घरात फक्त तुला चालतं."

सेल्विन बराच वेळ हातातल्या वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहिला. त्याच्या इतक्या घड्या झाल्या की पुढची घडी बसेना.

"जेवायला किती वाजता बसतेस?" त्याने विचारले.

"पाचला."

"मासा तू आणू नकोस. तुला अजून ताजा-शिळा कळत नाही. मी आणतो."

मग तो वाकला, गुडघे धरून कण्हत वाकला, आणि मला उचलून कर्स्टीबाईंपुढे ठेवत म्हणाला, "हे माझ्या नावावर लिहा."

त्या दिवशी पाच वाजता मी नॉर्माबाईंच्या जेवणघरात कपाटावर होतो. टेबल छोटे होते. बाईंनी तीन वाट्या भात वाढला आणि तिसरी भावापुढे सरकवली. त्याने काड्या खोचल्या, त्या कलंडल्या. पुन्हा खोचल्या, पुन्हा कलंडल्या. आयुष्यभर मासे कापलेला माणूस, पण त्याला ते जमेना. तिसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या.

"यीजे म्हण," नॉर्माबाई हळूच म्हणाल्या. "दोन नंबरची ताई."

"यीजे," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "मी सेल्विन. तुझा भाऊ. मला यायला उशीर झाला. मला ठाऊकच नव्हतं तू आहेस." आणि सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस हुंदके देऊन रडला.

जेवताना नॉर्माबाई म्हणाल्या, "आई मात्र ते चित्र बघून खचली असावी रे. ते काही माझ्या मनातून जात नाही." सेल्विनने त्यांच्या वाटीत माशाच्या गालाचा तुकडा वाढला. याचे उत्तर माझ्यापाशी होते. कपाटावरून मी ते त्यांना सांगू शकलो नाही, आणि आता कधीच सांगू शकणार नाही.

मी परत खालच्या फळीवर आलो आहे. मित्रांनो, पुस्तकाच्या फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावा, त्याच्यावर पाणी सांडू नका, हे सगळे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझे मागणे निराळे आहे. एखाद्या पानावर काही खटकले तर ते मिटण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा. आजीला विचारा, आजोबांना विचारा, ज्याच्याशी बोलत नाही त्यालाही विचारा. पुस्तक गप्प राहते, कारण त्याला इलाज नसतो. माणसांना बोलता येते, पण ती फार दिवस नसतात.