आप्पांचं बटण

सकाळी सकाळी भाऊजींना साफसफाईची हुक्की आली आणि त्यांनी रोपवाटिकेच्या कॉम्प्युटरमधून कलमांच्या संकराची सगळी नोंदच पुसून टाकली.

"एकच नाव चार-चार ठिकाणी होतं, वहिनी. मला वाटलं, डबल झालंय."

गुलाबाच्या वंशावळीत एकच आजी चार ठिकाणी असू शकते, हे या माणसाला कळत नव्हतं, आणि तेही गुलाबांच्या घरात जन्मून! सूनबाईने कपाळाला हात लावला.

दुपारी नोंदणी अधिकारी बाई यायच्या होत्या. सूनबाईच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, वर्षानुवर्षं खपून एक नवा गुलाब तयार केला होता. रंग पिकल्या जर्दाळूचा, कडा किंचित गुलाबी. त्याला ते बायकोचं, माईंचं नाव देणार होते. पण आईबापाचा पत्ता नसलेल्या गुलाबाची नोंदणी होत नाही. आप्पा तर नवा सदरा घालून काचघरात त्या रोपाशी गप्पा मारत बसले होते. त्यांना सांगायचं कोणी?

"बॅकअप असेल ना?" भाऊजींनी भीत भीत विचारलं.

"रोज रात्री आपोआप होतो. मी लावलाय," असं ऐटीत म्हणत सूनबाईने कॉम्प्युटरच्या कामांचा इतिहास उघडला. ऐट तिथेच जिरली. गेल्या दोन महिन्यांत रोज एकच शेरा होता: 'अयशस्वी. डिस्कवर जागा नाही.' आणि तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता भाऊजींना झापायची सोयही राहिली नाही.

पण एवढी मोठी डिस्क भरली कशाने? ती यादीत मागच्या तारखांकडे सरकत गेली. रात्रीच्या कामांच्या मधे मधे दुसरीच कामं दिसायला लागली. एक्स्पोर्ट, म्हणजे नोंदींची वेगळी प्रत काढून ठेवणं. रोज संध्याकाळी एक. सुरू कसं झालं? हाताने. कोणी केलं? आप्पा.

"आपले आप्पा?" भाऊजी ओरडलेच. "ते तर मोबाइलचा आवाजसुद्धा माझ्याकडून कमी करून घेतात!"

काय झालंय ते न सांगता आप्पांना बोलावून आणलं.

"दाबतो की ते बटण," आप्पा म्हणाले. "तूच नाही का सांगितलंस पहिल्या दिवशी? नोंद झाली की हे दाबायचं, मगच उठायचं. मला वाटलं, कॉम्प्युटर बंद करायची तीच रीत. का गं, चुकतं का काही?"

सूनबाईने ते एकदाच, नुसतं दाखवायला म्हणून सांगितलं होतं. आप्पांनी ते व्रतासारखं पाळलं. रात्रीचा बॅकअप सगळ्या फोटोंसकट, म्हणजे अवजड. आप्पांचं एक्स्पोर्ट नुसत्या नोंदींचं, इवलंसं. पण इवली इवली करून त्यांनी डिस्क गच्च भरली होती. भरल्या ट्रंकेत गादी मावत नाही, रुमाल मात्र रोज एक कोंबता येतो.

"काल दाबलंत?" तिने विचारलं.

"दाबलं की. माई जेवायला हाका मारत होती, तरी दाबलं."

कालच्या ओळीपुढे 'यशस्वी' असं लिहिलं होतं. सूनबाईने ते एक्स्पोर्ट परत चढवलं. एकेक नोंद परत आली. गुलाबाची आई, बाप, आणि ती आजीसुद्धा, चारही ठिकाणी. सूनबाईला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काय घडलं ते कळल्यावर आप्पांनी आधी धाकट्याचा कान पिळला आणि मग स्वतःही हसत सुटले.

दुपारी बाईंनी वंशावळ तपासली, फूल हुंगलं आणि नोंदणी करून टाकली.

"अहो, एवढ्या काट्यांच्या झाडाला माझं नाव?" माई म्हणाल्या. चेहरा मात्र फुललेला होता.

"साम्य काही तेवढंच नाहीये गं," आप्पा म्हणाले, आणि त्या चक्क लाजल्या.

संध्याकाळपर्यंत सूनबाईने नवी डिस्क जोडली. आप्पा खुर्चीत बसले. चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत त्यांनी नावाच्या रकान्यात 'माई' लिहिलं. सवयीने हात बटणाकडे गेला आणि मधेच थबकला. ते ओशाळून सुनेकडे बघायला लागले.

"दाबू? की आता नको?"

"दाबा!" सगळे एकदम ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माईंचा होता.