नवव्या रात्रीच्या आधी

आई गेली त्याच आठवड्यात वादळ जमैकाकडे वळलं.

किनाऱ्यावरची घरं वेळेत रिकामी करून घेणं हे माझं काम. वर्षभर मी त्यासाठी बैठका घेते, खिडक्यांना फळ्या कशा ठोकायच्या ते दाखवते, शाळेतल्या निवाऱ्यात पाणी आणि डबाबंद मांस भरून ठेवते. आमची गल्ली एरवी ऐकते. या खेपेला कुणी हललं नाही, कारण इसिल्डा मावशी हलली नव्हती.

ती आईच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. गेलेलं माणूस नवव्या रात्रीपर्यंत घरातच असतं. त्या रात्री गाणी होतात, मासे तळतात, रम फिरते आणि मग खोलीतलं सामान हलवून पलंग फिरवतात, म्हणजे त्याला खोली ओळखू येत नाही आणि ते आपल्या वाटेने निघून जातं. तोवर घर रिकामं सोडत नाहीत, त्या खोलीची खिडकीही लावत नाहीत. नववी रात्र अजून लांब होती. वादळ उद्यावर आलं होतं.

"मावशी, चल. गाडी उभी आहे."

"तुझ्या आईला एकटीला टाकून?"

"समुद्र आत आला तर ही भिंत राहायची नाही."

"मग दोघी पोहू. तिला येत नव्हतं, मी धरीन."

शेजारचा लॅसेल्स, जुना कोळी, कुंपणाला टेकून ऐकत होता. "पोरी, इसिल्डा बसलेली असताना मी उठलो तर बायको मला भित्रा म्हणेल."

"ती तशीही म्हणते," मावशी म्हणाली.

मी वाऱ्याचा वेग सांगितला, निवाऱ्याच्या छपराबद्दल सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे गं तुझं. पण हे सगळं जिवंत माणसांचं."

"नववी रात्र आजच केली तर?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिला घाई केलेली खपत नाही."

"मग तिला वादळातून पाठवायचं का?"

मावशीने उठून खुर्ची दारातून बाजूला सरकवली. "जा म्हणून तूच सांगायचं. माझ्या बहिणीला मी घराबाहेर काढणार नाही."

आई गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कामं होती.

लॅसेल्सने रम आणली. वीज जाणारच होती, म्हणून त्याच्या बायकोने फ्रीजमधले मासे तळून टाकले. भर दुपारी, फळ्या ठोकलेल्या घरात, आम्ही एक भजन म्हटलं. प्रत्येकाचा सूर वेगळा. मग पलंग ओढून पलीकडच्या भिंतीला लावला, कपाट त्याच्या जागी आणलं, आरसा उलटा केला. एकच खिडकी उघडी होती. मी तिच्यापाशी उभी राहिले.

"आई, जा आता."

"मोठ्याने," मावशी म्हणाली. "डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं."

मोठ्याने बोलायचं म्हटल्यावर भोंग्यावरून मी गल्लीला सांगते तीच वाक्यं तोंडात आली. "आता थांबू नका. मागे काही राहिलं म्हणून परत फिरू नका." सवयीने मी आईला अहो-जाहो केलं. कुणी हसलं नाही.

लॅसेल्सने बाहेरून शेवटची फळी ठोकली. मावशीने पर्स उचलली. "चल आता, उगाच वेळ काढू नकोस."

आम्ही निघालेलं पाहून गल्ली निघाली. सगळी माणसं निवाऱ्यात पोचली. डबाबंद मांस खारट असल्याची तक्रार मावशीने माझ्याच नावाने केली.

वादळ ओसरल्यावर आम्ही परत आलो. ओसरीचं छप्पर गेलं होतं, खोली उभी होती. फळी अजून काढायची होती, त्यामुळे आत अंधार. मला जरा बसायचं होतं. पलंग असतो तिकडे मी गेले आणि माझं कपाळ कपाटावर आपटलं.

"बघ," मावशी दारातून म्हणाली, "लागू पडलं."