मामाचा डॉक्टर

"हा डॉक्टर नाहीच आहे, मामा. ही इज जस्ट सेलिंग पावडर," अनुपमाने मोबाईल सोफ्यावर टाकला.

सोमनाथमामाने तो उचलून सदऱ्याला पुसला. मुसफ्फाच्या कामगार कॅम्पमधून दोन बस बदलून तो दर रविवारी मोहम्मद बिन झायद सिटीत बहिणीकडे जेवायला येई. पंधरा वर्षं आखातात इमारतींना परांच्या बांधणारा माणूस, आणि कुणा भामट्याच्या व्हिडिओपुढे मान डोलावतो. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या अनुपमाला त्याची कीव येत नव्हती, लाज वाटत होती.

"शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद?"

"दोन महिने झालं. पावडरीनं साखर मुळापासून जाती म्हणतो."

"आणि तू मानलंस? मी हॉस्पिटलच्या लिंक पाठवल्या होत्या. यू डिडन्ट इव्हन ओपन."

"उघडल्या की. समदं इंग्रजी."

"ट्रान्सलेटचं बटण असतं."

मामा ओशाळं हसला. "ह्यो सावकाश सांगतो गं. पाव्हणं, भिऊ नका म्हणतो."

अडाण्याशी गोड बोललं की झालं, ती मनात म्हणाली. त्याच्या हातून मोबाईल घेऊन तिने त्या भामट्याचं चॅनल ब्लॉक केलं. मग उठताना मामा लंगडला. "बूट चावलाय," म्हणाला. तिने बळेच पाय बघितला. करंगळी काळी पडली होती.

तासाभरात ते हॉस्पिटलमध्ये होते. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलला आणि तिच्याकडे पाहत थांबला. सांगायचं तिलाच होतं.

"मामा, ते इन्फेक्शन... हाडात... म्हणजे ते आता..."

पुढचा शब्द तिच्या मराठीत नव्हता. तिला सगळं कळत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. तो भामटा इथे असता तर दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला असता. तिला स्वतःचाच तिटकारा आला.

"बोट काढणार, व्हय ना?" मामाच म्हणाला. "सांग सावकाश. ऐकतोय मी."

तिने होकारार्थी मान हलवली.

"त्यांना इचार, परांचीवर कधी चढता येईल."

तिने विचारलं. डॉक्टर म्हणाला, "नो." त्याचं मराठी करावं लागलं नाही.

मामाने पेन मागून घेतलं आणि ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मवर, टपोऱ्या मराठी अक्षरांत, वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव लिहिलं.