नाव न घेता चेपलेला डबा

संपतच्या अंगणात सारे येडगाव लोटले होते. मध्ये चूल, चुलीवर तेलाचा रिकामा डबा, त्याच्या तळाशी ओंजळभर पाणी, तोंडाच्या फिरकी झाकणाच्या फटीतून वाफ. देवऋषी एकेक नाव पुकारी, डबा उतरवून त्यावर गार तीर्थ ओती आणि पुन्हा चुलीवर चढवी. दोन नावांना डबा निमूट राहिला.

"चिमाबाईऽऽ!"

तीर्थ पडले, आणि कुणी न शिवता डबा कडाकडा आत चेपला.

"बगा, राव! वायुदेवाचं व्हायब्रेशन हाय ह्ये! चेटूक हिचंच!" देवऋषी गरजला.

मोबाईल उंचावले. संपतची विधवा चुलती चिमाबाई दाराशी थिजली. आत संपतची तान्ही आरती तापाने फणफणत होती. म्हातारीला हाकलले की ताप उतरेल, दवाखाना नको, असा देवऋषीचा निवाडा होता.

गर्दीत उभ्या असलेल्या, नारायणगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या यशोधरेला शिसारी आली. भोंदूची आलीच, त्याहून अधिक आली ती मोबाईल रोखलेल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांची. वायूंचा हाच धडा त्यांनी परीक्षेत ओकून टाकला होता.

"संपतभाऊ, दुसरा डबा आणा."

"मॅडम, देवाच्या कामात पडू नका. लई जड जाईल," देवऋषी गुरगुरला.

"पाणी उकळायलाही तुमची परवानगी लागते का?"

पाणी उकळले. तिने झाकण सैल ठेवून डबा उतरवला, गार पाणी ओतले. काही झाले नाही. डबा पुन्हा उकळवला. या खेपेस उतरवताच झाकण घट्ट आवळले.

"पहिल्या दोन नावांना यांनी झाकण सैल ठेवलं. तिसऱ्याला 'बंधन' म्हणून फिरवलं. मी पाहत होते."

"आता ह्याचंच नाव घ्या, मॅडम!" गर्दी खिदळली.

तिची शिसारी दुणावली. मघाशी म्हातारी हवी होती. आता हा हवा.

"कुणाचंही नाही. गप्प उभे राहा."

पाणी पडले. त्या शांततेत डबा मोडला.

"वाफेनं आतली हवा बाहेर घालवली. गार पाण्यानं त्या वाफेचं पुन्हा पाणी झालं. झाकण घट्ट, म्हणून बाहेरची हवा आत शिरेना; आतला दाब घटला आणि बाहेरच्या हवेनं पत्रा चेपला. हवेला कान नसतात, संपतभाऊ."

संपत खाली मान घालून चुलतीसमोर गेला. "काकी, माजं..."

चिमाबाईने आरतीला केव्हाच गोधडीत गुंडाळले होते. "गाडी काड आदी. पोरीला दवाखान्यात न्ह्ये. बोलाचं ते मागनं."

वाचकहो, हवा कुणाचाही न्याय करीत नाही. ते काम आपल्या बुद्धीचे आहे. कुणावर बोट रोखण्यापूर्वी झाकणावर कुणाचा हात आहे, एवढे तरी पाहा.