तिकाटण्यावरचा दगड

हरणाबाई उठली तेव्हा पूर्वेला नुकते उजाडू लागले होते. मेखांना ताणलेल्या वाघरीच्या जाळ्यात मेंढरे अजून एकमेकांना टेकून बसली होती. तिने आधी लंगडणाऱ्या काळ्या मेंढीचा खूर पाहिला, मग कोकरे आयांना लावली. सुनेने, रंगुबाईने, तीन दगडांच्या चुलीवर बाजरीच्या भाकरी भाजल्या आणि शेळीचे दूध तापवले. ऊन अंगावर येताच दोघींनी मेखा उपटल्या, जाळे घोड्यावर लादले आणि कळप म्हसवडच्या वाटेने हाकला. १९४३ सालच्या माघातली ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती.

तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर मात्र हरणाबाई थबकली. तिच्या मुलाच्या दगडावर कोणीतरी शेंदूर थापला होता.

अर्जुना गेल्या भादव्यात तालुक्याच्या कचेरीवर झेंडा लावायला गेला आणि पोलिसांची गोळी लागून पडला. बैलगाडीतून घरी आणताना याच ठिकाणी त्याने प्राण सोडला. रीतीप्रमाणे आईने तिथे, पाटलाच्या रानाच्या कोपऱ्यात, दगड उभा केला. रीतीत नसलेली गोष्टही तिने केली. पाथरवटाकडून त्यावर अक्षरे कोरून घेतली. अर्जुना. कचेरीवर झेंडा लावताना सरकारच्या गोळीने मेला. तिला वाचता येत नव्हते. पण मुलाचे नाव कुठे सुरू होते आणि गोळी कुठे येते, हे तिच्या बोटाला ठाऊक होते. आज त्या बोटाला नुसता तेलकट गुळगुळीतपणा लागला.

"वैनी, म्या लावला," बाभळीखाली बसलेला तिचा दीर नानासो उठून म्हणाला. त्याच्या शेजारी गावचे पोलीस पाटील, लालासाहेब, उभे होते.

"आज दुपारी फौजदार येतोय," पाटील म्हणाले. "ह्यो दगुड उपटायचा हुकूम हाय. आमी म्हसोबा म्हनून सांगनार. देवाला हात लावायची छाती न्हाई त्येची."

"आवं पाटील, म्हसोबाला आख्ख्या मानदेशात दुसरी जागा घावली न्हाई व्हय?"

"चेष्टा नगं, वैनी," नानासो म्हणाला. "दगुड तरी ऱ्हाईल."

"ऱ्हाईल की. बाया नारळ फोडतील, पोरासाठी नवस बोलतील. आन् माझं पोर कुनी मारलं, ते कोन इचारंल?"

"देव केला तर मान मिळंल त्येला."

"देवाला कुनी गोळी घालत न्हाई, भावजी. मान्साला घालत्यात. ह्यो मानूस हुता."

हरणाबाईने भांडी घासायच्या राखेचे गाठोडे सोडले आणि जुन्या घोंगडीचा तुकडा फाडला.

"आत्या, शेंदूर खरवडला तर कोप हुईल," रंगुबाई पुटपुटली.

"कुनाचा? तुज्या नवऱ्याचा? जित्ता हुता तवा कवा वरडला तुज्यावर?"

"एकदा. भाकरी करपली तवा."

"मग आज करपवू नगंस."

रंगुबाईच्या ओठांवर हसू आले आणि डोळे भरले. ती घागर घेऊन ओढ्याकडे गेली. परत आल्यावर तिनेही राखेत हात घातला. दोघी घासत राहिल्या. शेंदूर रेघारेघांनी खाली उतरला. अक्षरांच्या खाचांत थोडा राहिला, आणि त्यामुळे ती लांबूनही दिसू लागली.

"आन् फौजदारानं मला इचारलं तर?" पाटलांनी विचारले. त्यांचा आवाज उतरला होता.

"सांगा, रानात मेंढरं बसल्यात. खतासाठी निरोप तुमीच धाडला हुता न्हवं?"

"रान केवढं पडलंय, बाई! ह्योच कोपरा?"

"ह्यो लय नापीक दिसतोय."

नानासो हसला. पाटील हसले नाहीत. ते दगडाकडे, मग गावाच्या वाटेकडे पाहत राहिले. अखेर त्यांनी कुंपणाची काटेरी फांदी स्वतः बाजूला ओढून कळपाला वाट करून दिली आणि ते निघून गेले.

नानासोने घोड्यावरून जाळे उतरवले. दगड मधोमध येईल अशा बेताने हरणाबाईने मेखांच्या जागा दाखवल्या. दगडापर्यंत जायला आता सगळ्या कळपातून जावे लागणार होते. मेंढरे आत शिरली, लंगडी काळी मेंढी दगडाला अंग टेकून बसली. शेवटची मेख हरणाबाईने स्वतः ठोकली, चरकी घेतली आणि मुलाच्या नावाशेजारी बसून ती लोकर कातू लागली.