गिरडच्या उन्हातला चीड

मित्रांनो, मी एक जुना, ठेंगणा चीड, म्हणजे पहाडी पाइनचे झाड आहे. माझी उंची जेमतेम हातभर. माझ्या जातीची झाडे हिमालयाच्या उतारांवर देवळाच्या कळसाहून उंच वाढतात. मी मात्र खडकाच्या फटीत रुजलो. फटीत ओंजळभर माती आणि वर सदाचा वारा. वाऱ्याने मला वाकवले, बर्फाने माझा शेंडा मोडला आणि मी आडवा वाढायला शिकलो. माझे वय मला सांगता येणार नाही. पण वर्धा जिल्ह्यात मी कधी आलो ते नक्की सांगता येते. गिरडजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या धुरपताबाईंच्या धाकट्या मुलीचे, गंगाचे लग्न झाले, ते साल १९५४. त्या लग्नासाठी सुटीवर येताना तिच्या थोरल्या भावाने, रूपरावांनी मला आणले.

रूपराव फौजेत ट्रक चालवत. मोठी लढाई संपल्यावर ते वर्षभर जपानात होते. तिथे एका म्हाताऱ्याच्या अंगणात त्यांनी पसरट कुंडीत वाढवलेले, शंभर वर्षांचे हातभर झाड पाहिले होते. ते त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे त्यांची नेमणूक गढवालच्या पहाडात झाली. तिथे त्यांना मी दिसलो. त्यांनी दोन दिवस खपून खडक फोडला, माझ्या मुळांभोवतीची माती तशीच ठेवली आणि मला ओल्या शेवाळात व गोणपाटात बांधले. आगगाडीत ते मला मांडीवर घेऊन बसले. हिंगणघाटाहून गावापर्यंत मी बैलबंडीत आलो, गंगाच्या लग्नाच्या भांड्यांबरोबर.

लग्न पार पडले. मग रूपरावांनी कुंभाराकडून एक पसरट कुंडी करवून घेतली आणि मला तिच्यात लावले. इथे एक चूक झाली. ती चूक प्रेमाचीच होती. आमच्या भागातली काळी माती म्हणजे शेतकऱ्याचा अभिमान. कापूस, तूर, जवारी, सगळे तिच्यावर. धुरपताबाईंनी वावरातली उत्तम काळी माती आणली, तीत मुरलेले शेणखत मिसळले आणि माझ्या मुळांभोवती दाबून भरली. जपानातल्या म्हाताऱ्याने कुंडीत काय भरले होते, हे रूपरावांनी विचारले नव्हते.

जायच्या दिवशी धुरपताबाईंनी मुलाला विचारले, “तू जिथं राह्यतं, तो मुलूख कसा हाय रे?”

रूपरावांनी माझ्याकडे बोट केले. “हे जिथं उगवलं, तिथंच माहं ठाणं हाय, माय. याच्याकडे पाह्यजो. समज, मलेच पाह्यलं.”

त्यांनी सहज म्हटले, पण आईने ते पदराला गाठ मारून ठेवले. मी हिरवा आहे तोवर रूपराव खुशाल, असे त्यांनी मनाशी पक्के केले. त्यांचे यजमान केव्हाच वारले होते, गंगा सासरी गेली होती आणि घरात त्या एकट्या होत्या. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या मला तांब्याभर पाणी घालत. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा तांब्याभर. वर हळदकुंकूही वाहत.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी हात जोडले असते. काळी माती पाणी धरून ठेवते. कुंडीच्या तळाची भोके चिखलाने बुजली. माझ्या मुळांना श्वास घेता येईना. चैत्र संपता संपता माझी पाने, म्हणजे तुम्ही ज्यांना सुया म्हणाल ती, टोकांकडून पिवळी पडू लागली. धुरपताबाईंना वाटले, ऊन सोसत नाही. त्यांनी तिसरा तांब्या सुरू केला.

शेजारच्या कौशल्याबाई कुंपणावरून म्हणाल्या, “धुरपताबाई, याच्या जागी वांगे लावले असते तं भाजी तरी झाली असती.”

“तुमच्या वांग्यात माहा पोरगा दिसते का?” धुरपताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंनीही येताना एक तांब्या आणला.

वैशाखात पुनाजी आला. पुनाजी गोंड होता, जंगल खात्याच्या रोपवाटिकेत सागाची रोपे सांभाळायचा. कामावरून परतताना तो धुरपताबाईंच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबे. त्या दिवशी त्याने तांब्या खाली ठेवला आणि तो माझ्याजवळ उकिडवा बसला. चिमूटभर माती उचलून त्याने नाकाशी नेली.

“मावशी, हे झाड बुडून राह्यलं.”

“बुडून? मी तं त्याले घडीभर तहानेलं राहू देत नाई.”

“तेच तं म्हणतो. दगडावर वाढलेलं लेकरू हाय हे. म्हैस नाई, डबक्यात लोळाले.”

“मंग पाणी बंद करू? अन् तिकडं रूपरावले काही झालं तं?”

तेव्हा पुनाजीला सगळे समजले. तो हसला नाही. म्हणाला, “रूपराव घरी आले म्हणजे तुम्ही त्यायच्या मागं ताट घेऊन फिरता. भूक लागली का, असं कधी इचारता का?”

“नाई इचारत,” धुरपताबाईंनी कबूल केले.

“याले इचारत जा.”

दुसऱ्या दिवशी तो नाल्यातली जाड रेती आणि टेकडीखालचा मुरूम घेऊन आला. मातीसारखे बारीक ते सगळे त्याने चाळून टाकून दिले. मला कुंडीतून हळूच उचलले आणि बाभळीच्या काडीने काळा चिखल कणाकणाने काढला. आत माझ्या पहाडाची मूळ माती होती आणि तिच्यात पांढऱ्या धाग्यांचे जाळे. धुरपताबाई पाण्याची कळशी घेऊन पुढे झाल्या. “बुरशी लागली, पुनाजी. धुऊन काढू.”

“हात नका लावू, मावशी. हे त्याच्या माहेरचं हाय. असं पांढरं असलं म्हणजे मूळ जिवंत राह्यते. माह्या बापानं दाखवलं होतं मले.”

सडलेली मुळे तेवढी त्याने काढली. कुंडीची भोके मोकळी केली, तळाला खडे घातले, भोवती रेती आणि मुरूम भरला. वाऱ्याने मी हललो तर नवी मुळे तुटतील, म्हणून पळसाच्या मुळाच्या दोराने मला कुंडीला बांधले. मग कडुनिंबाखाली, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवले. वर्षभर खत घालायचे नाही, कात्री लावायची नाही, जागा बदलायची नाही, असे त्याने बजावले. “अन् पाण्याच्या आधी बोट घाला. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. ओली लागली तं तांब्या घेऊन घरात जा.”

मी आयुष्यात पुष्कळ कष्टाळू माणसे पाहिली आहेत. पण त्या उन्हाळ्यात धुरपताबाईंनी जे केले त्याला तोड नाही. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसे. माझ्या निम्म्या सुया गळून कुंडीभोवती पडल्या होत्या. अशात त्या तांब्या भरून येत, मातीत बोट घालत, ओल लागली की तसाच भरलेला तांब्या घेऊन परत जात. दोन पावले जाऊन पुन्हा वळून पाहत. पाणी घालायला काहीच लागत नाही. न घालायला किती बळ लागते, ते मी पाहिले. गरम वारा सुटला की त्या माझ्या पश्चिमेला ओले गोणपाट टांगत आणि ते वाळले की पुन्हा भिजवत. गाव त्यांना नावे ठेवी. “झाड मरून राह्यलं अन् म्हातारी पडदा धरून राह्यली,” असे लोक म्हणत.

त्यातच रूपरावांची पत्रे थांबली. दर महिन्याला एक पत्र येई आणि शाळेचे नानाजी मास्तर ते वाचून दाखवत. ज्येष्ठ गेला, आषाढ लागला, पत्र नाही. मास्तर म्हणाले, “पहाडात पावसानं रस्ते बंद असतील, बाई.” त्या दिवशी धुरपताबाई माझ्यापाशी आल्या, बोट घातले. माती ओली होती. भरला तांब्या घेऊन त्या घाईने वळल्या. थोडे पाणी त्यांच्या पायावर सांडले. माझ्यावर एक थेंबही पडला नाही.

मी माझ्याकडून काय करू शकत होतो? रेतीत दोन नवी मुळे सोडली होती, तेवढ्याच बळावर मी जोर केला. आषाढाच्या शेवटी, डाव्या फांदीच्या टोकाला, बोराएवढा पांढुरका कोंब फुटला.

धुरपताबाईंनी पुनाजीला बोलावून तो दाखवला. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, “आता मावशी, याचा जीव काही जात नाई. तुम्ही मात्र आधी चहा घ्या, चार दिवसापासून तुमचं तोंड उतरलं हाय.”

आठव्या दिवशी समुद्रपूरच्या टपालकचेरीतून रूपरावांचे पत्र आले. दरड कोसळून रस्ता तुटला होता आणि रूपराव दीड महिना पलीकडे अडकले होते. प्रकृती ठीक होती. पत्राच्या शेवटी विचारले होते, झाड कसे आहे?

त्यानंतर माझी साडेचार वर्षे फार मानाची गेली. पुनाजीने तिसऱ्या वर्षी मला पहिली कात्री लावली, तीही एकाच फांदीला. गिरडच्या दर्ग्याला येणारे लोक वाट वाकडी करून मला पाहून जात. ते म्हणत, झाड किती चिवट आहे. धुरपताबाईंचे नाव कोणी घेत नसे. चिवट त्या होत्या.

मुलांनो, तुम्ही झाड लावाल, वासरू सांभाळाल, उद्या घरही सांभाळाल. ज्याची काळजी घ्याल त्याला आधी बोट लावून पाहा. आपल्याला द्यावेसे वाटते ते त्याला हवे आहेच असे नाही. आणि जो सगळ्यांना पाणी घालत फिरतो, त्याचा घसा कोरडा आहे का, तेही विचारा. आमच्या घरी ते विचारायचे राहून गेले. माझ्याकडे पाहून धुरपताबाईंना मुलाची खुशाली कळायची. आईची खुशाली कळावी असे रूपरावांपाशी तिकडे पहाडात काहीच नव्हते. १९५८ सालच्या थंडीत त्या महिनाभर खोकत होत्या आणि पत्रात मास्तरांना फक्त माझेच लिहायला सांगत होत्या.

धुरपताबाई १८ जानेवारी १९५९ रोजी, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी वारल्या. रूपराव बावीस तारखेला पोचले.